पहाटे साडेपाचची यादी

जानेवारीत ऑस्करची नामांकनं जाहीर होतात तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात आणि पुण्यात संध्याकाळचे सात. मी अंधारात चहाचं आधण ठेवते आणि तिकडे आमची कॉलेजची चौकडी ‘वैशाली’ हॉटेलात टेबल धरून बसलेली असते. चौघं तिथे, पाचवी मी, गेली अठरा वर्षं इथे. फोन सुरूच असतो. यादी अर्धी वाचून होईपर्यंत भांडण पेटतं. ही बाई यादीत आली कशी? त्या माणसाला वगळलंच कसं? आणि मग फिरून फिरून मूळ दुखण्याकडे: आपला सिनेमा का नाही?

हे भांडण मला मनापासून आवडतं. आम्हाला ते भरत नाट्य मंदिरानं शिकवलं. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत तिथे ‘अरे आव्वाज कुणाचा’ ओरडून घसा बसायचा आणि निकालानंतर टिळक रोडवर चहाच्या टपरीशी रात्री बारापर्यंत अभिनयाचं पारितोषिक कुणाचं हुकलं यावर वाद चालायचे. २०२२ मध्ये एकही एकांकिका त्या तोडीची नाही म्हणून परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हा पुण्यात केवढा गदारोळ झाला! मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या वादात तावातावानं बोलणाऱ्या बहुतेकांनी त्या एकांकिका स्वतः बसून पाहिल्या होत्या. संहिता कुठे ढेपाळली, प्रकाशयोजना कुठे चुकली, हे त्यांना सांगता येत होतं.

आता २०२५ च्या सप्टेंबरातलं सांगते. भारताकडून ऑस्करला ‘होमबाउंड’ जाणार असं फिल्म फेडरेशननं जाहीर केलं. ‘साबर बोंडं’ मात्र राहिला. रोहन कानवडेंच्या या सिनेमानं त्याच वर्षी अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक सिनेमा विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं होतं आणि कुठल्याही मराठी सिनेमाला तिथे हे प्रथमच मिळालं होतं. आमची चौकडी खवळली. मराठीवर अन्याय, दिल्ली-मुंबईचं राजकारण, नेहमीचंच. मी विचारलं, ‘‘तुमच्यापैकी पाहिला कुणी?’’ पुण्यात तो थिएटरात लागला होता. चौघांपैकी एकीनं पाहिला होता, एकटीनंच जाऊन. बाकीचे गप्प. मग एक जण म्हणाला, ‘‘अगं, शोच्या वेळा बघ ना. वर्किंग डेला दुपारी कोण जाणार?’’

त्याचं म्हणणं खोटं नाही. पण त्या दिवशी मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

इथे राहून मला एक गोष्ट दिसली, ती पुण्यात असते तर दिसली नसती. नामांकन म्हणजे न्यायनिवाडा असं आपण धरून चालतो. जणू कुणीतरी सगळे सिनेमे ओळीनं मांडतं, तराजूत घालतं आणि जड भरेल तो उचलतं. नोव्हेंबर ते जानेवारी सनसेट बुलेवार्डवरून गाडी चालवली की हा समज टिकत नाही. चार-चार मजली फलकांवर नटनट्यांचे चेहरे आणि खाली ‘आपल्या विचारार्थ’. संध्याकाळी मतदारांसाठी खास खेळ, खेळानंतर कलाकारांशी गप्पा, बाजूला खाणंपिणं. ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे मतदार दहा हजारांच्या घरात आहेत. अभिनयाची नामांकनं त्यातले नटच ठरवतात, संकलनाची संकलक, आणि शेवटचं मत सगळे देतात. शेवटच्या फेरीत मत द्यायचं तर त्या विभागातले सगळे नामांकित सिनेमे पाहिलेलेच असले पाहिजेत, हा नियम अकादमीनं केला कधी, तर एप्रिल २०२५ मध्ये! म्हणजे तोवर न पाहताही मत देता येत होतं.

म्हणून तिथे ‘लायक कोण’ याच्या आधी ‘पाहिलं कुणी’ हा प्रश्न येतो. आणि परभाषेतल्या सिनेमाच्या बाबतीत त्या प्रश्नाचं उत्तर घरापासून सुरू होतं.

माझ्या ऑफिसात एक ब्राझीलची बाई आहे. २०२५ च्या सुरुवातीचे दोन महिने ती दुसरं काही बोलतच नव्हती. ‘आय ॲम स्टिल हिअर’साठी फर्नांडा टॉरेसला अभिनेत्रीचं नामांकन मिळालं होतं, तेही पोर्तुगीज बोलून. तिची आई फर्नांडा मॉन्टेनेग्रो हिलाही १९९९ मध्ये असंच मिळालं होतं. त्याच आईनं या सिनेमात म्हातारपणीची नायिका केली आहे. आमच्या या बाईनं लंचच्या वेळेत आम्हा सहा जणांना धरून नेलं. तिकिटं तिनं काढली. तिचे रिओतले नातेवाईक तो आधीच दोनदा पाहून आले होते. तिकडे थिएटरं भरभरून वाहत होती. नामांकनाचा आनंद त्या देशानं सणासारखा साजरा केला, कारण सिनेमा त्यांच्या ओळखीचा होता. परक्या गावात कुणी त्यांच्या घरच्या माणसाचं नाव घेतलं होतं.

आपल्याला हे जमत नाही असं नाही. २००४ मध्ये ‘श्वास’ ऑस्करला गेला तेव्हा मी पुण्यात होते. ‘श्यामची आई’ला १९५४ मध्ये राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं होतं. त्यानंतर राष्ट्रीय पुरस्कारात पहिला नंबर मिळवणारा मराठी सिनेमा ‘श्वास’च. प्रचाराला पैसा नव्हता, म्हणून लोकांनी वर्गणी काढली. आमच्या वर्गात डबा फिरला, मी त्यात वीस रुपये टाकले. नामांकन मिळालं नाही. पण डब्यात पैसे टाकणाऱ्या प्रत्येकाला सांगता येत होतं की शस्त्रक्रियेआधी, दृष्टी जाण्याच्या आदल्या दिवशी, आजोबा नातवाला हॉस्पिटलमधून बाहेर का नेतात. अरुण नलावडेंचा तो चेहरा सगळ्यांनी पाहिलेला होता.

आणि पाहणं म्हणजे काय, ते मला ‘कोर्ट’नं दाखवलं. चैतन्य ताम्हाणेंचा हा सिनेमा भारतानं २०१५ मध्ये पाठवला, पुढे सरकला नाही. मी तो त्या उन्हाळ्यात इथल्या एका छोट्या थिएटरात पाहिला. जेमतेम पंधरा माणसं. गीतांजली कुलकर्णी त्यात एका शाहिरावरच्या खटल्यातली सरकारी वकील आहे. कोर्टात ती जुनी कलमं एका सुरात वाचते, जशी आपण किराणा मालाची यादी वाचावी. मग लोकलनं घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाक करते. एका सुट्टीत नवरा-मुलांसोबत मराठी नाटकाला जाते. नाटकात मराठी मुलीला परप्रांतीय मुलगा आवडतो आणि तिचा बाप त्याला अपमान करून घराबाहेर काढतो. पडद्यावरचं सभागृह टाळ्या वाजवतं.

इथे कुणीच हसलं नाही. पंधरा माणसं खाली मान घालून उपशीर्षकं वाचत होती. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात अशाच खुर्चीत बसून अशाच विनोदांवर मी किती हसले असेन! आणि आता मीच परप्रांतीय. व्हिसाची तारीख जवळ आली की पोटात गोळा येणारी. ती वकीलबाई वाईट नाही. ती माझ्या मावशीसारखी आहे, माझ्यासारखी आहे, आणि सकाळी उठून ती पुन्हा त्या गरीब शाहिराला तुरुंगात ठेवा म्हणून सांगणार. गीतांजलीबाईंनी हे सगळं एकही वाक्य मोठ्यानं न म्हणता केलं आहे. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतला मराठी पडद्यावरचा हा सगळ्यात मोठा अभिनय. शेजारच्या माणसापर्यंत यातलं किती पोहोचलं असेल? उपशीर्षकांत ‘परप्रांतीय’चा अर्थ येतो, बालगंधर्वची खुर्ची येत नाही. हा अभिनय ओळखायची पहिली जबाबदारी आपली आहे, आणि आपण ती सप्टेंबरात, समितीवर रागावून, पार पाडू बघतो.

हे म्हटल्यावर आमच्यातला एक जण, फिल्म इन्स्टिट्यूटच्या मागे राहणारा, लगेच म्हणाला, ‘‘प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसला गाजला, तेव्हा कुणी फलक लावले होते?’’ नव्हते. पण तो सिनेमा त्याआधीच मुंबईत गर्दी खेचत होता, आणि एकाच थिएटरात वर्षाहून जास्त चालला. मुलाच्या दुखण्यानं संतापलेली जिजाई हातात चप्पल घेऊन विठोबाच्या देवळात शिरते, ते पाहायला माणसं पुन्हा पुन्हा गेली होती. व्हेनिसवाल्यांनी निवडायच्या आधी तो आपल्या लोकांनी निवडला होता.

शोच्या वेळांचं काय, हा प्रश्न खरा आहे. मराठी सिनेमाला सकाळी साडेदहाचा नाहीतर दुपारचा खेळ मिळतो आणि पहिल्या तीन दिवसांत खुर्च्या रिकाम्या दिसल्या की सोमवारी तोही जातो. आपण ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतो तेव्हा पुढचा आठवडा नसतोच. थिएटरवाल्यांशी भांडायलाच हवं, पण ते भांडण त्या शुक्रवारी, तिकीट हातात घेऊन व्हायला हवं.

आमच्या चौकडीत आता ठरलं आहे. मराठी सिनेमा लागला की पहिल्या शनिवारी चौघांनी जायचं, आणि वाद त्यानंतर. कोथरूडला राहणाऱ्या माझ्या आईचं तिकीट मी इथून ऑनलाइन काढते. तिचं वय अठ्ठ्याहत्तर, साडेदहाचा खेळ तिला सोयीचाच पडतो. परवा परत आल्यावर तिनं फोन केला. इथे रात्रीचे बारा वाजून गेले होते. नायकाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. शेजारणीचं काम केलेली बाई कोण होती गं, म्हणाली, दोनच प्रसंग होते तिला, पण निवडता निवडता भाजीची जुडी खाली ठेवली ना तिनं, तिथे मला रडू आलं.