एक स्टार देणाऱ्या दादांना उत्तर: ट्यूनर गळ्यात मारलेला नाही

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. गर्दीत तुम्हाला ताटकळत उभं राहावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. नवरात्रात कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर पाय ठेवायला जागा नसते हे खरं, पण आत आलेल्या गिऱ्हाईकाला बसायला जागा देणं आमचंच काम आहे. ती सोय करतोय.

बाकीचं मात्र तसंच सोडता येत नाही. तुम्ही लिहिलंय की पाच तारांच्या बेस गिटारसाठी पेडल ट्यूनर (तार सुरात आहे का ते दाखवणारा, पायानं दाबायचा डबा) घेतला, तो सगळ्यात जाड तार पकडतच नाही, दुकानदारानं महागडा माल गळ्यात मारला, ऑनलाइन स्वस्त मिळतो, आणि परत द्यायला गेलो तर तारांवर खापर फोडून घेतला नाही. दराचं दोन ओळींत सांगतो. ऑनलाइन तो पाच-सहाशे रुपयांनी स्वस्त आहे, बरोबर. आमच्याकडं तो स्वतःच्या बेसला लावून बघता येतो, आणि काही अडलं तर विचारायला समोर माणूस असतो. ज्याला त्याची गरज नाही त्यानं ऑनलाइन घ्यावा, आमचा राग नाही.

‘गळ्यात मारला’ हे मात्र फार लागलं. १८८३ पासून देवल क्लबसारखी संगीताची संस्था ज्या गावात आहे, शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना ज्या गावात दरबार गायक म्हणून मान दिला, त्या गावात आम्ही सुराच्या वस्तू विकतो. वडिलांनी पेट्या आणि मिरजेचे तंबोरे विकले, मी गिटार-बेस विकतो. गरज नसलेली वस्तू खपवायची सवय या दुकानाला नाही.

त्या दिवशी मी पहिला प्रश्न विचारला होता, ‘घरी वाजवता की स्टेजवर?’ घरी वाजवणाऱ्याला मी क्लिपचा, म्हणजे बेसला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनरच देतो, पेडलचं नावही काढत नाही. तुम्ही म्हणालात, ऑर्केस्ट्रात वाजवतो. क्लिप लाकडाची थरथर ओळखते. शेजारी ड्रम आणि पायाशी स्पीकर असला की बेसची मान त्यांच्या आवाजानंही थरथरते आणि आकडा भलतीकडं जातो. पेडलला आवाज वायरमधून थेट मिळतो. शिवाय पायानं दाबला की आउटपुट बंद, म्हणजे दोन गाण्यांच्या मधे तुम्ही तार लावताय हे लोकांना ऐकू येत नाही. म्हणून पेडल.

मग काउंटरवर तीन ठेवले. बॉसचा टीयू-३ तुमच्या हातात दिला आणि म्हटलं, दिवे मोठे आहेत, उन्हातही दिसतात, आत ९ व्होल्टची बॅटरीही बसते, अचूकता एका सेंटपर्यंत, म्हणजे एका अर्ध्या स्वराच्या शंभराव्या भागापर्यंत. दुसरा पॉलीट्यून. सगळ्या तारा एकदम छेडल्या की कुठली चढली, कुठली उतरली ते एका नजरेत दाखवतो. ट्यूनर बंद असताना आवाज त्यातून नुसता पुढं जावा (ट्रू बायपास) की थोडं बळ मिळून (बफर), यावर तुमच्या सोबत आलेल्या मित्रानं बराच वेळ घेतला. एक पेडल आणि साधी लहान वायर असेल तर त्यानं बेसच्या आवाजात काही बिघडत नाही, हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे. तुम्ही घेतला तो तिसरा, मिनी, म्हणजे लहान आकाराचा. का, तर पेडल चिकटवायच्या फळीवर, पेडलबोर्डवर, जागा नाही. तुमचा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणत नाही, ट्यूनर चांगलाच आहे. पण तो तिघांत सगळ्यात स्वस्त होता, दादा. महागडा माल खपवायचा असता तर तो मी काउंटरवर ठेवलाच नसता.

मिनीत बॅटरी बसत नाही, अडॅप्टर वेगळा घ्यावा लागेल, हेही सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, घरी आहे. परत आलात तेव्हा विचारल्यावर कळलं, ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डचा १२ व्होल्टचा लावला होता. या पेडलला ९ व्होल्ट लागतात, आणि पिनच्या आतल्या बाजूला मायनस. कीबोर्डच्या बऱ्याच अडॅप्टरना तिथं प्लस असतो. नशीब चांगलं, पेडल जळला नाही. आमचा ९ व्होल्टचा अडॅप्टर लावून तुमच्यासमोर तो चालवून दाखवला. रिव्ह्यूमध्ये याचा एक शब्द नाही.

आता जाड तार. ही गोष्ट नीट लिहितो, कारण पाच तारांचा बेस घेणाऱ्या प्रत्येकाला ती अडते. गिटारची सगळ्यात जाड ‘ई’ तार ८२.४ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ८२.४ आवर्तनांवर असते. बेसची ‘ई’ त्याच्या निम्म्यावर, ४१.२. आणि तुमची पाचवी ‘बी’ तार ३०.८७ वर. म्हणजे तिचं एक आवर्तन पुरं व्हायलाच ३२ मिलिसेकंद लागतात, तर बारीक ‘जी’ तारेचं दहात होतं. ट्यूनरला स्वर ओळखायला अशी कित्येक आवर्तनं लागतात. त्यामुळं खालच्या तारेवर तो सावकाशच दाखवणार, मग तो पाचशेचा असो की पंधरा हजारांचा. त्यात ‘बी’ तारेचा मूळ स्वर पुष्कळदा कमजोर येतो आणि त्याच्या दुपटीचा, ६१.७ हर्ट्झचा, जास्त ठळक. ट्यूनर दोन्हींच्या मधे घुटमळतो आणि काटा नाचल्यासारखा दिसतो.

यावर उपाय आहे आणि तो मी काउंटरवर करून दाखवला. टोनचं बटण पूर्ण खाली. मानेजवळचा पिकअप (तारेचा आवाज पकडणारा भाग) चालू. बाकीच्या तारांवर हात ठेवून त्या गप्प करायच्या. बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या पट्टीच्या) बरोबर वर बोट नुसतं टेकवून तार हलकी छेडायची. जोरात ओढली की तार सुरुवातीला चढी वाजते आणि मग खाली बसते, म्हणून हात हलका. असं केल्यावर याच ट्यूनरवर हिरवा दिवा लागला आणि टिकला. तुमच्या मित्रानं मोबाइलवर त्याचा व्हिडिओही काढला.

तारांवर खापर फोडलं म्हणता. तुमच्या ‘बी’ तारेवरून मी बोट फिरवलं तेव्हा बोट काळं झालं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटपाशी तिचे वेढे चपटे झालेत आणि मधे मळ बसलाय. अशा तारेचं वजन सगळीकडं सारखं राहत नाही, ती एका स्वरावर ठरत नाही, आणि ट्यूनर जे आहे तेच दाखवतो. नवीन तारा विकायला मी हे बोललो असं तुम्हाला वाटलं असेल, तर त्या तुम्ही कुठूनही घ्या.

परत का घेतला नाही, हेही लोकांना कळू दे. पेडल तळाला वेल्क्रो चिकटवून आला होता. तो काढताना सिरियल नंबरचा स्टिकर अर्धा फाटला. त्या नंबराशिवाय कंपनी माझं काही ऐकत नाही, म्हणजे पेडल माझ्याकडं पडून राहणार. एवढ्याशा दुकानाला ते परवडत नाही. चालू ट्यूनर बंद आहे म्हणून परत पाठवणं माझ्यानं झालंही नसतं.

निपाणी, इचलकरंजी, गडहिंग्लजची पोरं आधी फोनवर स्टार बघतात आणि मग एसटीत बसतात. तुमच्या एका ओळीनं किती जण दारापर्यंत येणार नाहीत, ते मला कधी कळणारही नाही. खरं ते जरूर लिहा, पण मग सगळं लिहा, एवढीच विनंती.

परतीचे नियम बिलावर ठळक छापून घेऊ, आणि पेडल देताना अडॅप्टरचं लिहूनच देत जाऊ. तुमच्यासाठी काही जमतं का, तेही बघतो. सकाळी अकराच्या सुमाराला गर्दी कमी असते, तेव्हा बेस घेऊन या. तारा बदलून, ट्यूनर लावून देतो, मजुरी घेणार नाही. तोपर्यंत तो कीबोर्डचा अडॅप्टर पेडलला लावू नका.