७८ पत्ते आणि मन्याची बेंगलोरची ऑफर

काल रात्री कट्ट्यावर सायलीने पर्समधून टॅरोचे, म्हणजे भविष्य बघायला वापरतात ते चित्रांचे पत्ते काढले आणि अव्या लगेच सुरू, "आला का पोपट पिंजऱ्यातून बाहेर?"

सायली म्हणे आधी बघ तरी. एकूण ७८ पत्ते, त्यात २२ मेजर म्हणजे 'द फूल' (मूर्ख), डेथ, टॉवर वगैरे मोठी मंडळी, आणि उरलेले ५६ मायनर. मायनरचं आपल्या रमीच्या कॅटसारखंच, फक्त बदाम-इस्पिकच्या जागी कप, तलवारी, काठ्या, नाणी आणि प्रत्येकात १४ पानं, कारण राजा-राणी-गुलामाबरोबर एक घोडेस्वार जास्तीचा असतो.

"इजिप्तच्या पुजाऱ्यांची विद्या ना ही?" पश्या.

इथे मात्र सायली आणि अव्या दोघं एकदमच नाही म्हणाले! मूळ इटलीत, मिलान-फेराराकडे, १५ व्या शतकात, आणि तेही चक्क डाव खेळायला. २२ पैकी २१ तर हुकमाची पानं. इजिप्तची पुडी १७८१ मध्ये कूर द जेबलॅं नावाच्या फ्रेंच माणसाने सोडली, तेव्हा तिकडची चित्रलिपी कुणाला वाचताच येत नव्हती त्यामुळे खोडणार कोण. फ्रान्समध्ये आजही लोक टॅरोचे डाव टाकतात. सायलीकडचा सेट १९०९ च्या लंडनचा, रायडर-वेट, त्यातला रायडर प्रकाशक आणि वेट लेखक, आणि सगळी चित्रं काढणारी पामेला कोलमन स्मिथ नावात कुठेच नाही. असो.

मग मन्याला बसवला. बेंगलोरची ऑफर घ्यावी का, हा त्याचा प्रश्न. त्याने पत्ते पिसले, तीन काढले, भूत-वर्तमान-भविष्य. अव्याची टकळी चालूच, की १९४८ मध्ये फोरर नावाच्या अमेरिकन प्रोफेसरने वर्गात प्रत्येकाला "हे खास तुझं" सांगून सगळ्यांना एकच वर्णन वाटलं आणि पोरांनी त्याला सरासरी ५ पैकी ४.२६ मार्क दिले, तुझे पत्ते तेच करतात. सायली म्हणाली मी कुठे भविष्य सांगतेय, मी चित्र दाखवते, बोलणार तो.

मला स्वतःला अव्याचंच पटतं खरं तर. आमच्या मावशीला एका बाईने डेथचं पान दाखवून घाबरवलं आणि वर 'उपायाचे' पैसे घेतले, आणि त्या पानाचा अर्थ बहुतेक वाचणारे एक पर्व संपलं, नवीन सुरू होतंय एवढाच लावतात.

तिसरं पान आलं सहा तलवारींचं. होडीत सहा तलवारी उभ्या रोवलेल्या, माणूस वल्हवतोय, पुढे शाल पांघरलेली बाई आणि एक पोर, सगळे पाठमोरे. मन्या बराच वेळ मोबाईलच्या टॉर्चमध्ये ते पान धरून बसला, मग म्हणाला, "ही बाई आईसारखी बसलीय यार. गुडघ्याचं ऑपरेशन झालं की तिला एकटीला कशी ठेवू तेच कळत नाहीये."

चहा तसाच राहिला सगळ्यांचा.

"अरे पण हे मी विचारलं असतं तरी सांगितलं असतंस ना," अव्या म्हणाला, "त्याला पत्ते कशाला?"

"तू पंधरा दिवस नुसतं पॅकेज विचारतोयस," मन्या म्हणाला.