‘छपरी’ ही जातीवाचक शिवी आहे का?

‘छपरी म्हणणं बंद करा. हा शब्द छप्परबंद जातीवरून आलाय, इंग्रजांनी त्यांना हिणवायला तो काढला, आणि कुणाला तसं म्हणालात तर ॲट्रॉसिटी लागते.’ अशा आशयाच्या पोस्ट गेली काही वर्षं इन्स्टावर आणि व्हॉट्सॲपवर फिरतायत. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण यातलं एकेक वाक्य तपासायला घेतलं की हाताला फारसं काही लागत नाही.

आधी व्युत्पत्ती. छपरी हा मराठीत जुना, साधा शब्द आहे. छपरी पलंग आजही जुन्या वाड्यांतून दिसतो, आणि ओठांवर उतरलेल्या भरघोस मिशांना छपरी मिशा म्हणतात, त्यात कुणाचा अपमान नसतो. हे सगळं छप्पर या शब्दाचं गोत. छप्परबंद हे नावही त्याच छपरावरून आलं असं सहसा सांगतात: छपरं बांधणारे, शाकारणारे. म्हणजे दोन्ही शब्दांचं मूळ एक असेलही, पण म्हणून एक दुसऱ्याच्या पोटी जन्मला असं होत नाही. भडक कपडे, रंगवलेले केस, रस्त्यावर बाइकच्या करामती, हा आजचा अर्थ पोरांच्या बोलीतला आहे आणि टिकटॉकच्या काळात तो घरोघर गेला. तो जातीच्या नावावरून इथवर आला म्हणायचं तर मधला एखादा तरी दुवा दाखवावा लागेल. पोस्टवाले तो दाखवत नाहीत. कानाला सारखं लागलं, एवढाच पुरावा.

इंग्रजांचं म्हणाल, तर त्यांनी शिवी देण्यापेक्षा फार वाईट केलं. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि पुढे तो देशभर लागू केला. जन्मालाच गुन्हा ठरवलं, हजेऱ्या लावल्या, माणसं वसाहतींत डांबली. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे भागाचं नाव अजून टिकून आहे. छप्परबंदांवर पोलिसी कागदांत खोटी नाणी पाडणारे असा शिक्का बसला. पण त्या कागदांत त्यांचं नाव छप्परबंद असंच येतं. १९५२ साली कायदा गेला; त्यातून सुटलेल्या जातींना विमुक्त म्हणतात, आणि ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. हा सगळा इतिहास बाजूला ठेवून एका शब्दावर हळहळणं सोपं आहे.

ॲट्रॉसिटीचा मुद्दा दोन ओळींत संपतो. १९८९ चा कायदा अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे. महाराष्ट्रात छप्परबंद १४ विमुक्त जातींच्या सरकारी यादीत येतात. त्यांना हे संरक्षण नाहीच. यावर पोस्ट लिहिली असती तर मीही पुढे पाठवली असती.

आता दुसरी बाजू: ‘बघा, जातीशी संबंध नाही, मग बिनधास्त म्हणा.’ हेही चालणार नाही. हा शब्द कुणाला चिकटतो ते बघा. पार्सल पोचवणारा पोरगा, केसांना स्वस्तातला सोनेरी रंग, सेकंडहँड बाइक, सुट्टीच्या दिवशी गल्लीतच काढलेलं रील. खाली कमेंटींची रांग: छपरी, छपरी, छपरी. तोच रंग महागड्या सलूनमधून आला आणि मागे पुण्यातल्या एफसी रोडचं कॅफे असलं की कमेंट बदलते. शब्द जातीवर नसेल, ऐपतीवर नक्की आहे. त्यासाठी खोटी व्युत्पत्ती कशाला हवी? आणि उद्या ती खोटी ठरली की हिणवणारा मोकळाच सुटतो.

मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. जातीचं नाव सरळसरळ ज्यांत आहे ते शब्द या पोस्टमध्ये कधी येतच नाहीत. ‘कितीही बोला, मेला बेरड झालाय’, हे घरात आईच्या तोंडी असतं. बेरड ही त्याच १४ जातींच्या यादीतली एक जात. घिसाडघाई हा शब्द बहुतेकजण लोखंडकाम करणाऱ्या घिसाडी लोकांशी जोडतात, पण तो तर भाषणांतूनही येतो. आणि भामटा! ‘भामट्याने वृद्धेचे दागिने लांबवले’, ‘ऑनलाइन भामट्यांचा गंडा’ असले मथळे मराठी वर्तमानपत्रांत सर्रास दिसतात. भामटा आणि राजपूत भामटा, दोन्ही नावं सरकारी यादीत आहेत. चोर म्हणून शब्द आधीचा की जात आधीची, यावर अभ्यासकांनी खुशाल भांडावं. पण या जातीच्या पोरानं दाखला काढायचा, त्यावर छापलेलं जातीचं नाव वाचायचं आणि त्याच सकाळी पेपरात तेच नाव चोराला लावलेलं बघायचं, यात व्युत्पत्तीचा प्रश्नच येत नाही.

उपसंपादकांची मथळ्याच्या जागेची अडचण मला कळते. ‘चोरटा’ हाही तीनच अक्षरांत बसतो.