‘डीए नुसतं थरथरतं’ : मिस्त्रींच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार मिस्त्री,

गाडीच्या पेंटला पॉलिश करणाऱ्या मशीनवरच्या, म्हणजे पॉलिशरवरच्या, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही 22 वर्षं पेंटिंगच्या कामात काढली, सगळं रोटरीवर, म्हणजे पॅड जागच्या जागी गरगर फिरवणाऱ्या मशीनवर केलं, एकही गाडी तक्रार घेऊन परत आली नाही. डीए म्हणजे ड्युअल अॅक्शन मशीन नुसतं थरथरतं, जरा दाब दिला की पॅड फिरायचं थांबतं. चार इंची ग्राइंडरला बफ लावला तरी तेच काम होतं, मग लोकांना महागडं खेळणं का घ्यायला लावता, असा तुमचा सवाल आहे.

एक चूक आधी कबूल करतो. ‘रोटरीचे दिवस संपले’ असं मी लिहिलं होतं. ते वाक्य काढून टाकलं आहे. नव्या पेंटवर 2000 नंबरचा वॉटर पेपर मारल्यावर त्याचे चरे काढायला रोटरी आणि लोकरीचं पॅड यांच्या वेगाशी डीएची बरोबरी होत नाही. ते तुमचं रोजचं काम आहे आणि तिथे तुमचाच शब्द खरा.

आता थरथरण्याबद्दल. रोटरीचं पॅड एकाच आसावर फिरतं, मोटर त्याला जबरदस्तीने फिरवते. तुमच्या हाताला त्यावर भार द्यायची सवय आहे. साध्या डीएत मोटर पॅडला छोट्या वर्तुळात हलवते, आणि पॅडचं स्वतःभोवती फिरणं मोकळं असतं. भार दिला, पॅड तिरपं धरलं किंवा गोलाईवर टेकवलं की ते फिरणं थांबतं आणि उरते ती थरथर. मशीन मात्र बिघडलेलं नसतं. बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड ज्या चकतीवर चिकटतं तिच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ मारा. काम करताना ती फिरताना दिसली पाहिजे. दिसायची थांबली तर दाब कमी करा, पॅड सपाट ठेवा, वेग वाढवा आणि हात सावकाश चालवा. रोटरीवर मुरलेल्या हाताला हे उलटं वाटतं, हे मी समजू शकतो.

पण ज्या गोष्टीने डीए तुम्हाला लेचंपेचं वाटतं, त्याच गोष्टीने ते नवख्या माणसाला वाचवतं. जास्त दाबलं की ते फिरायचं थांबतं. रोटरी थांबत नाही. बॉनेटच्या उठलेल्या रेषेवर ती दोन सेकंद जास्त टेकली तर पेंट जळतो. हे मी स्वतः केलेलं आहे. मामांच्या गाडीच्या बॉनेटच्या कडेला, टेप न लावता, उधार आणलेल्या रोटरीने. प्रायमर दिसला. मामा काही बोलले नाहीत, बॉनेट पुन्हा रंगवून घेतलं, पण तो पांढुरका पट्टा मला अजून आठवतो.

ग्राइंडरबद्दल मात्र मी एक इंचही मागे हटणार नाही. पॉलिशिंगची रोटरी मिनिटाला साधारण 600 ते 3000 फेऱ्यांत चालते, आणि बहुतेक काम 1800 च्या आतच होतं. साधा चार इंची ग्राइंडर 10,000 च्या पुढे जातो. तुमचा हात त्यावर बसला असेल, पण हा लेख सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी स्वतःची गाडी साफ करणारा माणूस वाचतो. त्याच्या गाडीवर जाळीसारखे बारीक चरे आहेत, कारण रोज पहाटे तोच कपडा आणि तीच बादली दहा गाड्यांवर फिरते. त्याच्या हातात ग्राइंडर देणं मला पटत नाही.

कारण आपण चमक चढवत नसतो, पेंट काढत असतो. कंपनीतून आलेल्या पेंटची एकूण जाडी बहुतेक गाड्यांवर 100 ते 140 मायक्रॉनच्या आसपास असते, आणि त्यातला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. उन्हापासून रंगाला जपणारा थर तोच. तो फार घासला गेला की दोन-चार उन्हाळ्यांत छतावर आणि बॉनेटवर पापुद्रे सुटतात, आणि मग पॉलिशने काही होत नाही. पेंटची जाडी मोजणारा मीटर एकूण जाडी दाखवतो, क्लिअर कोट किती उरला ते सांगत नाही. म्हणून मी आधी मऊ पॅड आणि सौम्य पॉलिश घेऊन हातभर जागेवर करून बघायला सांगतो. भागलं नाही तरच कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश.

‘एकही गाडी परत आली नाही’ यावर आदराने एक विचारतो. कंपाउंडमधलं तेल चऱ्यांत भरतं आणि गाडी काढून देताना आरशासारखी दिसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाणी मिसळून पॅनल पुसलं की तेल जातं. मग उन्हात, विशेषतः काळ्या गाडीवर, रोटरीचे फिरते पट्टे दिसतात का, हे तुम्ही कधी पाहिलं आहे का? गिऱ्हाईक बहुधा दोन धुण्यांनंतर ते पाहतं, आणि ‘गाडी जुनी झाली’ म्हणून गप्प बसतं.

नवख्याने कोणतं घ्यावं ते सरळ सांगा, असं तुम्ही म्हणालात. 15 मिलिमीटर थ्रोचं डीए (पॅड ज्या छोट्या वर्तुळात हलतं त्याची रुंदी म्हणजे थ्रो), पाच इंची बॅकिंग प्लेट, एकाच पॅडऐवजी निदान चार-पाच फोमची पॅडं. 21 चा थ्रो सपाट छतावर झकास चालतो, पण आपल्याकडच्या छोट्या गाड्यांच्या गोलाईवर लवकर अडखळतो. कडांना टेप. प्लास्टिकच्या बंपरवर जास्त जपून, कारण तिथे उष्णता पसरत नाही, एका जागी साठते.

तुमच्याकडे भंगारातलं एखादं काळं बॉनेट नक्की पडलेलं असेल. मधोमध टेप लावा. अर्धं तुमच्या रोटरीने करा, अर्धं डीएने, प्लेटवरच्या रेघेकडे लक्ष ठेवून. अल्कोहोलने पुसून दुपारच्या उन्हात फोटो काढा आणि पाठवा. रोटरीची बाजू सरस निघाली तर तोच फोटो लेखाच्या वर लावतो.