दुधाची पिशवी आणि वेफरचं पाकीट

आमच्या आईची जुनी सवय, दुधाची पिशवी रिकामी झाली की विसळायची आणि गॅलरीतल्या दोरीला चिमट्याने लावायची. महिन्याभराच्या साठल्या की भंगारवाला वजनावर घेऊन जातो. लहानपणी मला त्या दोरीची लाज वाटायची, मित्र येणार असले की गुपचूप काढून ठेवायचो.

मागच्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर ओला-सुका वेगळा करा असा मेसेज आला, मग मी पण पेटलो, वेफर, बिस्किटं, शॅम्पूच्या पुड्या, कुरिअरचे पाउच सगळं एका गोणीत साठवलं आणि भंगारवाल्यापुढे ओतलं. त्याने आईच्या पिशव्या घेतल्या, पुठ्ठा घेतला आणि चकचकीत पाकिटं पायाने बाजूला सारली. "ये नहीं चलता साहब."

का नाही चालत? दुधाची पिशवी म्हणजे नुसतं पॉलिथिन, धारावीत वितळवून त्याचा परत प्लास्टिकचा दाणा, म्हणजे कच्चा माल होतो. वेफरचं पाकीट आतून चांदीसारखं चमकतं ना, तिथे प्लास्टिकचे थर एकमेकांना चिकटवलेले आणि त्यावर अॅल्युमिनियमचा मुलामा, ते सुटे करत बसणं कुणालाच परवडत नाही. त्यात वजन असं की फुंकर मारली तर उडेल, मग कचरा वेचणारी बाई त्याच्यासाठी वाकेल कशाला? ते डंपिंगला जातं, नाहीतर सिमेंटच्या भट्टीत जळतं, नाहीतर सरळ नाल्यात. २६ जुलै २००५ ला मुंबईत ९४४ मिमी पाऊस पडला आणि तुंबलेल्या गटारांचं खापर पिशव्यांवर फुटलं, आठवतंय?

२०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा भाजीवाल्याच्या पातळ पिशवीला पहिला दंड ५ हजार, आणि कारखान्यातून पॅक होऊन आलेल्या पाकिटाला सूट! दुधाच्या पिशवीवर तर किमान ५० पैसे परतीची किंमत छापायची असं ठरलेलं, तुम्हाला कधी कुणी दिले का? मला तरी नाही. कचरा आम्ही वेगळा करू हो, पण ज्याला भंगारात कुणी विचारत नाही असं पाकीट बनवणाऱ्यालाही कुणीतरी दोन शब्द सुनवा की. सगळा शहाणपणा आमच्याच डस्टबिनला कशाला?

आणि हो, पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो इवलासा तुकडा कुणीच उचलत नाही. आईने मला हे शंभरदा सांगितलंय, आज सकाळी परत तोडलाच, ओट्याला चिकटलेला तिनेच नखाने काढला आणि माझ्याकडे बघितलं फक्त.