छापलेलं फूल विचार करत नाही, पाणी शोषतं

‘फोर-डी प्रिंटिंगने छापलेली वस्तू पाण्यात टाकली की स्वतः विचार करून आकार बदलते. ऊर्जा अजिबात लागत नाही. निसर्गात असं काही नाही. लवकरच कपाटंही आपोआप उभी राहतील.’ हा मजकूर सगळीकडे फिरतोय. फोर-डी प्रिंटिंग म्हणजे थ्री-डी प्रिंटरने थरावर थर देऊन अशी वस्तू छापणं, जी नंतर आपला आकार बदलते. प्रयोग खरे आहेत आणि सुंदर आहेत, म्हणूनच त्यांच्याबद्दल चुकीचं पसरलेलं मला खुपतं.

आधी ‘विचार’. 2016 मध्ये हार्वर्डच्या जेनिफर लुईस आणि एल. महादेवन यांच्या गटाने ऑर्किडसारखं फूल छापलं. शाई म्हणजे मऊ हायड्रोजेल, पाणी शोषून फुगणारा जेलीसारखा पदार्थ; त्यात लाकडातल्या सेल्युलोजचे बारीक तंतू. शाई नळीच्या तोंडातून बाहेर पडताना तंतू एका दिशेला लागतात. त्या दिशेने जेल कमी फुगतं, आडवं जास्त. पाकळीच्या लांबीशी 0 आणि 90 अंशांत दोन थर दिले तर ती वळते. उणे 45 आणि 45 अंशांत दिले तर पिळवटते. कुठला थर कसा द्यायचा, हे माणसांनी गणित करून आधीच ठरवलेलं असतं.

ऊर्जेचं म्हणाल तर बॅटरी लागत नाही, इतकंच खरं. जेलच्या रेणूंच्या लांब साखळ्यांवरचे जलस्नेही अणुगट पाण्याचे रेणू ओढून धरतात, साखळ्या ताणल्या जातात, आणि ताण ओढीइतका झाला की फुगणं थांबतं. पाकळी पुन्हा सुकायची तर पाणी उडायला उष्णता लागतेच.

‘निसर्गात नाही’ हे तर सपशेल चूक. माळावरून आल्यावर कपड्यांत रुतलेलं एक कुसळ काढा. वाळलेलं असताना त्याला पीळ असतो. त्यावर पाण्याचा थेंब सोडा, पीळ उलगडत ते डोळ्यांदेखत फिरायला लागतं. याच फिरण्याने बी मातीत शिरतं. पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं, तेही त्यातलंच: लाकूड रेषांच्या आडवं फुगतं, लांबीत जवळपास नाही. लुईस यांच्या गटाने वनस्पतींकडूनच हे उचललं.

राहिली कपाटं. पाणी आत झिरपायचा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. म्हणजे 1 मिलिमीटरच्या थराला जेवढा वेळ, त्याच्या शंभरपट 1 सेंटिमीटरला. शिवाय फुगलेलं जेल मऊ असतं, वजन पेलत नाही. म्हणून तर 2013 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या स्कायलर टिबिट्स यांनी पाण्यात वळून ‘एमआयटी’ अशी अक्षरं होणारी कांडी दाखवली, तेव्हा कांडी कडक प्लास्टिकची होती; फुगणारा पदार्थ होता तो फक्त सांध्यांत.