मॉडरेटर व्हायचंय? घसा तेवढा सांभाळा

निवडणुकीच्या डिबेटचं मॉडरेटर व्हायचंय म्हणता? व्हा की! अभ्यासबिभ्यासाच्या नादी लागू नका, एक बरासा कोट, चेहऱ्यावर लोकशाहीची काळजी आणि "आपल्याकडे वेळ कमी आहे" हे एक वाक्य तोंडपाठ असलं की झालं. हे वाक्य तिसऱ्या मिनिटापासूनच सुरू करायचं.

प्रश्न कसा असावा? लांबलचक. आधी प्रस्तावना, मग आकडे, मग हळूच तुमचं स्वतःचं मत आणि शेवटी "तर यावर आपण काय सांगाल?" म्हणजे उमेदवाराला त्यातलं सोयीचं शेपूट पकडता येतं. तुम्ही बेरोजगारीचं विचारलंत आणि तो लहानपणीच्या गरिबीवर घसरला तरी मान डोलवत राहा. उत्तर मिळालं नाही म्हणून तोच प्रश्न परत विचारणं म्हणजे उद्धटपणा, शिवाय त्यासाठी तो काय बोलतोय ते ऐकावं लागतं, आणि ते कसं जमणार, तुमचं लक्ष हातातल्या पुढच्या कार्डावर असणार ना.

घड्याळाचं फार मनावर घेऊ नका. फ्रान्समध्ये म्हणे कोण किती बोललं ते सेकंदासकट मोजतात आणि स्क्रीनवर दाखवतात. असले हिशेब ठेवायला आपण काय दुकान मांडलंय?

आता सगळ्यात महत्त्वाचं, माइक बंद करायचं बटण. त्याला हात लावायचा नाही! २९ सप्टेंबर २०२० ला अमेरिकेत क्लीव्हलँडमध्ये प्रेसिडेंटच्या निवडणुकीच्या डिबेटला ट्रम्प आणि बायडेन समोरासमोर होते, मॉडरेटर ख्रिस वॉलेस. नियम ठरलेले, प्रत्येक विषयाच्या सुरुवातीला दोघांना दोन-दोन मिनिटं, मध्ये कुणी बोलायचं नाही. पण बटणच नव्हतं, त्यामुळे ट्रम्प बायडेनना तोडतायत, बायडेन वैतागून बोलतायत आणि वॉलेस बिचारे 'तुमच्याच टीमने हे नियम मान्य केलेत' अशी आठवण करून देतायत, ९० मिनिटं हाच तमाशा. मग २२ ऑक्टोबरला नॅशव्हिलला त्या दोन मिनिटांत समोरच्याचा माइक बंद ठेवला, क्रिस्टन वेल्कर मॉडरेटर होत्या, आणि काय सांगू, चक्क वाक्यं पूर्ण ऐकू यायला लागली. आता पूर्ण वाक्याची क्लिप कोण फॉरवर्ड करतं सांगा. (मी तरी नाही केली. आरडाओरड्याची मात्र तीन ग्रुपवर टाकली.)

कुणी धडधडीत खोटं बोललं तर "हा आपला दृष्टिकोन झाला" म्हणायचं. आकडा चुकीचा असला तरी दृष्टिकोनच. एकाला टोकलंत की दुसऱ्यालाही टोकावं लागतं आणि त्यासाठी आदल्या रात्री फाइल वाचायला लागते, सोडा.

आणि समजा आवाजच गेला तर? घाबरायचं नाही. २३ सप्टेंबर १९७६, फिलाडेल्फियाचं वॉलनट स्ट्रीट थिएटर, अमेरिकेचे तेव्हाचे प्रेसिडेंट फोर्ड विरुद्ध त्यांना आव्हान देणारे कार्टर, डिबेट संपत आली असताना ऑडिओ गेला तो २७ मिनिटं आलाच नाही. देशाचा प्रेसिडेंट आणि त्याला पाडायला निघालेला माणूस, दोघं आपापल्या पोडियममागे उभे ते उभेच, एकमेकांशी धड गप्पाही नाहीत. मॉडरेटर होते एडविन न्यूमन. त्या २७ मिनिटांत कुणी कुणाला मध्ये तोडलं नाही, विषय सोडून कुणी भरकटलं नाही, वेळ दोघांना सेम टू सेम. न्यूमनना घसा ताणावा लागला नाही.

तेव्हा बाकी काही नाही जमलं तरी चालेल, आपल्या साउंडवाल्याशी ओळख तेवढी ठेवा.